म्हशींची पैदास: दोन म्हशींवाल्याने सुरुवात कुठून करावी

कागल तालुक्यातल्या एका तरुणाने प्रश्न विचारला आहे. बीएस्सी ॲग्री झालं आहे, घरी दीड एकर ऊस आणि दावणीला दोन म्हशी. वडील म्हणतात नोकरी बघ. त्या तरुणाला मात्र पैदास करायची आहे, म्हणजे चांगल्या रक्ताच्या रेड्या (मादी रेडकं) घरी तयार करून विकायच्या. तीन गोष्टी विचारल्यात: यावर घर चालेल का, पंढरपुरी जात धरू की मुऱ्हा, आणि कर्ज काढून हरियाणातून एकदम दहा मुऱ्हा आणल्या तर चालेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देते, कारण कर्जाचे कागद कदाचित तयार होत असतील. दहा आणू नका. पहिली दोन वर्षं एकही आणू नका.

मी करवीर तालुक्यात, भोगावतीकाठच्या गावात राहते. २८ वर्षं हेच करते आहे. लग्न होऊन आले तेव्हा गोठ्यात तीन म्हशी होत्या आणि त्यांचं सगळं सासूबाई बघायच्या. आज लहानमोठी धरून २६ जनावरं आहेत. त्यातली विकत आणलेली एकच, बाकीची याच गोठ्यात जन्मलेली. म्हणून जे सांगते ते दोन-तीन म्हशींपासून वर येणाऱ्या माणसासाठी आहे. ज्याच्याकडे वीस लाख तयार आहेत त्याचा रस्ता वेगळा, तो मला माहीत नाही.

दुधाचा धंदा आणि पैदास या दोन गोष्टी लोक एकच धरतात. दुधाचा धंदा करणारा व्यालेली म्हैस आणतो, दूध काढतो, आटली की विकून दुसरी आणतो. त्यात वाईट काही नाही, त्याचा हिशेब दहा दिवसांच्या दूधबिलात दिसतो. पैदास करणाऱ्याचा हिशेब दिसायला किती वेळ लागतो ते मोजा. आज म्हैस भरवली, म्हणजे रेतन करून घेतलं. गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, म्हणजे दहा महिने दहा दिवस. रेडी झाली. ती नीट वाढवली तर तीन वर्षांची होईतो पहिल्यांदा व्याते. तिचं पहिलं वेत, म्हणजे त्या खेपेचं दूध, पुरतं कळायला आणखी दहा महिने. आज निवडलेला वळू बरोबर होता की चूक हे तुम्हाला ५६ महिन्यांनी कळणार आहे. पावणेपाच वर्षं. एवढा काळ तुमच्या हातात फक्त दोन गोष्टी असतात, रेडी आणि तिची वही. माझ्या मते सगळा धंदा या दोनच गोष्टींत आहे, आणि आपल्याकडे नेमकं या दोन्हींकडेच दुर्लक्ष होतं.

रेडीपासून सुरू करते.

रात्री म्हैस व्याली की घरातल्या सगळ्यांचं लक्ष म्हशीकडे असतं. तिला गूळ-बाजरीचं आंबोण द्यायचं, वार (रेडकाभोवतीचं पोटातलं आवरण) पडली का बघायची. रेडकू बाजूला पोत्यावर ओलं पडलेलं असतं. बरेच जण म्हणतात, वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही. वार पडायला आठ-दहा तास लागू शकतात. तेवढ्यात रेडकाचं नुकसान होऊन जातं. म्हशीच्या पोटात असताना आईकडून रेडकाला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि चिकातली ती ताकद आतड्यातून रक्तात जायची वाट पहिले काही तासच पूर्ण उघडी असते. दर तासाला ती बंद होत जाते आणि २४ तासांनी जवळपास मिटते. म्हणून नाकातोंडातला चिकटा काढला, नाळ दोन-तीन बोटं ठेवून कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली, की पहिल्या तासाभरात चीक. चोखता येत नसेल तर काढून बाटलीने. ३० किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात तीन लिटर पोटात गेलाच पाहिजे, तोही दोन-तीन वेळा विभागून. आणि चीक चोखू लागलं की म्हशीची वारही लवकर सुटते, कारण चोखण्याने तिच्या पोटात कळा येतात. वार पडायची वाट बघणाऱ्यांना हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की गावात आता बायका स्वतःहून चीक आधी पाजतात.

दुसरा घाला दहा-पंधरा दिवसांनी पडतो. म्हशीच्या रेडकाला जंत आईच्या दुधातून येतात. गोल, पांढरे, गांडुळासारखे. रेडकू चांगलं पीत असतं आणि अचानक पोट फुगतं, मातकट पांढरी हगवण लागते, केस उभे राहतात आणि तीन-चार दिवसांत जातं. घरातली माणसं म्हणतात दूध बाधलं. दूध बाधलेलं नसतं. दहाव्या ते चौदाव्या दिवसात डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे जंताचं औषध द्यायचं, आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला त्यांच्या सल्ल्याने. माझ्या पहिल्या चार वर्षांत पाच रेडकं गेली. त्यातली तीन याच्यातच गेली असावीत असं आता मला वाटतं. औषध त्या वेळीही वीस-पंचवीस रुपयांचं होतं.

मग येतो दुधाचा प्रश्न, आणि इथे प्रत्येक घरात भांडण होतं. डेअरीला म्हशीच्या दुधाला फॅटवर दर मिळतो, मग रेडकाला पाजायचं कशाला? एक सड सोडायचा, तोही शेवटी. टोणग्याला, म्हणजे नर रेडकाला, तर तेवढाही नाही. हे मला अजिबात मान्य नाही. टोणगा असला तरी त्याला पोटभर मिळालं पाहिजे, तो आपल्याच गोठ्यात आपणच जन्माला घातलेला जीव आहे. आणि रेडीच्या बाबतीत तर तो सरळ तोट्याचा व्यवहार आहे. हिशेब बघा. रेडी जन्मते ३० किलोची. मुऱ्हा रेडी भरवायला साधारण ३२५ ते ३५० किलोची व्हावी लागते, आपण ३४० धरू. म्हणजे ३१० किलो वाढ हवी. रोज ४५० ग्रॅम वाढली तर २३ महिन्यांत भरवायला येते. रोज २५० ग्रॅमच वाढली तर ४१ महिने लागतात. मधले दीड वर्ष ती खाणार, जागा अडवणार आणि काही देणार नाही. ते दीड वर्ष वाचवायला लागतं काय? पहिला महिना रोज तीन लिटर, दुसरा अडीच, तिसरा दीड. सगळं मिळून २०० लिटरच्या आसपास दूध, आणि पंधराव्या दिवसापासून समोर मूठभर रेडकाचं खाद्य आणि कोवळी वैरण. २०० लिटर दूध हेच पैदासवाल्याचं भांडवल. हरियाणाच्या दहा म्हशींसाठी कर्ज काढण्यापेक्षा ते खूप स्वस्त आहे.

वजनासाठी काटा लागत नाही. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं वजन किलोत. घेर ६७ आणि लांबी ४९ असेल तर ३३३ किलो. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक रेडी मोजायची आणि वहीत लिहायचं. ज्या महिन्यात आकडा पुढे सरकत नाही त्या महिन्यात काहीतरी बिघडलेलं असतं, जंत, वैरण, नाहीतर एखादं दुखणं. डोळ्याला ते तीन महिन्यांनी दिसतं.

आता वैरणीचं. कोल्हापूर जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागतं, कारण आपल्याकडे वर्षातले पाच-सहा महिने जनावर उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, असतं. ऊसतोड सुरू झाली की वाढं फुकट किंवा नाममात्र दरात मिळतं, म्हणून गव्हाणीत दुसरं काही पडतच नाही. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. प्रथिनं तर त्यात जवळपास नाहीतच. म्हैस वरून भरलेली दिसते, दूधही देते, पण माजावर (गाभ धरायच्या वेळेवर) येत नाही, आली तर उलटते, म्हणजे गाभ राहत नाही, आणि आपण दोष रेतन करणाऱ्याला देतो. वाढं बंद करा म्हणून मी सांगणार नाही, मीही घालते. पण कुट्टी करून, वर चुन्याची निवळी शिंपडून, आणि निम्म्याच्या वर कधी नाही. उरलेलं शाळूचा कडबा, मका, आणि घास. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात. दीड एकर ऊस आहे ना तुमच्याकडे? त्यातले दहा गुंठे मोडा आणि मेथीघास व मका करा. वडील नाराज होतील. पण वैरण विकत घेऊन पैदास होत नाही, हे मी अनेक गोठे बंद पडलेले पाहून सांगते.

पंढरपुरी की मुऱ्हा?

आधी तुमच्या दावणीला काय आहे ते सांगा. कागलकडे घरोघरी ज्या म्हशी आहेत त्यातल्या बऱ्याच गावठी, काही मुऱ्ह्याच्या संकराच्या, आणि काही अस्सल पंढरपुरी. पंढरपुरी ओळखायला अवघड नाही. निमुळतं लांब तोंड, बसकं नसलेलं, बांधेसूद अंग, आणि तलवारीसारखी लांब शिंगं, खांद्याच्या फऱ्याच्याही मागे गेलेली. तिची पैदास सोलापूर, सांगली, सातारा आणि आपल्या जिल्ह्यात झाली. हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेच्या प्रकल्पातलं पंढरपुरीचं काम कोल्हापुरातूनच चालतं. शेंडा पार्कला जाऊन तिथला कळप एकदा डोळ्यांनी बघा, पुस्तकातल्या फोटोपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

पंढरपुरीबद्दल मला वाटणारी गोष्ट सांगते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रस्त्याकडेला म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात, लोक पेले घेऊन धारोष्ण दूध पितात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान झालं, तालमीतल्या पैलवानांना म्हशीचं धारोष्ण दूध लागायचं. आता विचार करा, भर रस्त्यात, गर्दीत, गाड्यांच्या आवाजात कुठली म्हैस पान्हा सोडेल? पंढरपुरी सोडते. दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी धार काढली तरी सोडते. हा गुण तिच्यात आपोआप आला असं मला वाटत नाही. ज्या म्हशीने गर्दीत पान्हा चोरला ती गवळ्याने ठेवली नाही, जिने सोडला तिची रेडी ठेवली. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कुणी वळूची यादी लिहिली नाही, पण ही निवडच आहे, आणि ती आपल्या कोल्हापूरच्या गवळ्यांनी केलेली आहे. पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून म्हशी मिरवतात तेव्हा मला त्या निवडीचा अभिमान वाटतो.

पण भावनेवर जाऊ नका, आकडे बघा. समजा मुऱ्हा एका वेताला २२०० लिटर देते आणि दोन वेतांत १८ महिन्यांचं अंतर पडतं. महिन्याला पडले १२२ लिटर. पंढरपुरी १५०० लिटर देते आणि १३ महिन्यांनी पुन्हा व्याते. महिन्याला ११५. मुऱ्हा साडेपाचशे किलोची, पंढरपुरी सव्वाचारशेची, म्हणजे खाणं जवळपास पावपट कमी. शिवाय तेवढ्याच काळात रेडकं जास्त. मुऱ्ह्याचा गोठा चांगला सांभाळला, उन्हाळ्यात अंगावर पाणी, वेळेवर माज ओळखणं, तर तिचं अंतरही १४-१५ महिन्यांवर येतं आणि मग ती पुढे जाते. म्हणजे प्रश्न जातीचा कमी आणि दोन वेतांमधल्या दिवसांचा जास्त आहे.

माझा सल्ला असा. घरची म्हैस अस्सल पंढरपुरी असेल तर तिला पंढरपुरीच वळूचं रेतन करा. मुऱ्हा हरियाणात लाखोंनी आहे, पंढरपुरी आपण घालवली तर ती दुसरीकडून आणता येणार नाही. म्हैस गावठी असेल तर मुऱ्ह्याने सुधारा, पण मग पुढे तीच जात धरून राहा. पहिल्या पिढीत मुऱ्ह्याचं रक्त निम्मं, दुसरीत ७५ टक्के, तिसरीत साडेसत्त्याऐंशी. एक पिढी म्हणजे चार वर्षं धरली तर बारा वर्षांचं काम आहे. मध्येच कुणी सांगितलं म्हणून जाफराबादी, मग म्हैसाणा असं करत गेलात तर हातात काहीच ठरीव राहत नाही.

माज ओळखणं ही सगळ्यांत कठीण गोष्ट आणि ती पुस्तकातून येत नाही. गाय हंबरते, दुसऱ्या गायीवर चढते. म्हैस बहुतेक वेळा गप्प असते, त्याला मुका माज म्हणतात. उन्हाळ्यात तर दिवसा काही कळतच नाही. सासूबाई पहाटे साडेचारला कंदील घेऊन गोठ्यात जायच्या, म्हशी उठायच्या आत. म्हैस बसलेली असताना तिच्या मागे जमिनीवर काचेसारखा चिकट सोट पडलेला असतो. ती उठली, शेण-मूत पडलं, की पुसून जातं. त्या बोटाने उचलून दोन बोटांत ताणून बघायच्या, तार धरली की मला हाक मारायच्या. "बघ गं, ही आलीया. दुपारपर्यंत थांबू नको, डॉक्टरास्नी सांगून ठेव." दुसऱ्या खुणा म्हणजे थेंब थेंब लघवी, शेपूट जराशी उचललेली, आणि धारेला लिटर-अर्धा लिटर कमी दूध. दूध कमी झालं की आपण वैरणीला दोष देतो. त्या दिवशी म्हशीच्या मागेही बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. चुकला तर २१ दिवस गेले. तीन माज चुकले की दोन महिन्यांचं दूध आणि वैरण गेली. म्हशी जास्त करून सप्टेंबर ते फेब्रुवारीत माजावर येतात, त्या सहा महिन्यांत पहाटेची झोप सोडावी लागते.

रेतन करायला कुणीही आलं तरी दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. रेतमात्रेची, म्हणजे वळूच्या वीर्याची, कांडी द्रव नत्रात उणे १९६ अंशांवर असते. ती काढून ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची असते. खिशात ठेवून किंवा तळव्यात चोळून वितळवलेली कांडी मी घेऊ देत नाही, परत पाठवते. आणि दुसरी गोष्ट, रिकामी कांडी मागून घ्या. तिच्यावर वळूचा नंबर छापलेला असतो. मी ती वहीतल्या त्या म्हशीच्या पानावर सेलोटेपने चिकटवते. लिहिताना आकडा चुकतो, चिकटवलेली कांडी चुकत नाही.

ही सवय मला एका चुकीने लावली. सुरुवातीची वर्षं मी तारीख लिहायची, वळूचा नंबर नाही. चंद्री नावाची फार गुणी म्हैस होती. तिची रेडी गुंजी, तीही उत्तम निघाली. गुंजीला भरवलं आणि जे रेडकू झालं ते लहानखुरं, पायात वाकडं, उभं राहायला दोन दिवस लागले, आठव्या दिवशी गेलं. नंतर रेतन केंद्राच्या जुन्या नोंदीत शोधलं तेव्हा कळलं की गुंजीला तिच्या बापाचंच रेतन झालं होतं. बाप-लेकीचं रक्त एकत्र आलं की झाकलेले दोष उघडे पडायची शक्यता खूप वाढते. गावात एकच रेडा ठेवणाऱ्यांकडे तर हे ठरलेलंच, कारण त्याच्या पहिल्या रेड्या तीन-साडेतीन वर्षांत त्याच्याच पुढे येतात. रेडा तीन वर्षांनी बदललाच पाहिजे.

वळू निवडताना फोटो बघू नका. त्याच्या आईचं दूध आणि फॅट बघा, आणि त्याच्या मुलींची नोंद असेल तर ती सगळ्यांत आधी. म्हैस आयुष्यात सहा-आठ रेडकं देते, वळू रेतनातून हजारो देतो. लिंगनिर्धारित रेतमात्रा आता मिळतात, त्यांत १० पैकी ९ रेड्या होतात. पण त्यात शुक्रजंतू कमी असतात, म्हणून गाभ राहायचं प्रमाण जरा कमी. वारंवार उलटणाऱ्या म्हशीवर ती वाया घालवू नका. तंदुरुस्त रेडीला, स्वच्छ माजात वापरा.

वहीबद्दल आणखी एक. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी आमच्या गोठ्यात रात्री शिरलं. जनावरं दावी कापून सोडली आणि माळावरच्या शाळेपर्यंत हाकत नेली, सगळी वाचली. पण १४ वर्षांच्या वह्या कोनाड्यात राहिल्या. आठ दिवसांनी परत आलो तर पानं चिकटून लगदा झाला होता, कांड्या तेवढ्या तशाच. कांड्यांवरचे नंबर वाचून मी आणि माझ्या मुलाने आठवेल तेवढं पुन्हा लिहिलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये होता. नदीकाठचे असाल तर हे आजच करा. कानातल्या १२ आकडी बिल्ल्यावर सरकारी नोंद होते तीही करून घ्या, पण स्वतःची वही सोडू नका. दूध रोज लिहिता आलं नाही तरी महिन्यातून एक दिवस, दोन्ही वेळचं, प्रत्येक म्हशीचं वेगळं मोजून लिहा.

आता हरियाणाच्या दहा म्हशींना नको का म्हणते ते सांगते. बाहेरून आणलेलं जनावर मी एकदाच न तपासता घेतलं. व्यापाऱ्याने सात महिन्यांची गाभण म्हणून दिली. पंधरा दिवसांत तिने मेलेलं रेडकू टाकलं. वार माझ्या नवऱ्याने उघड्या हातांनी ओढून काढली. दोन महिन्यांत आमच्या घरच्या दोन म्हशी आठव्या महिन्यात गाभडल्या. रक्त तपासलं, ब्रुसेला निघाला, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. नवऱ्याला चार महिने संध्याकाळचा ताप आणि सांधेदुखी, तोच रोग माणसालाही होतो. त्या म्हशी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायचं मन झालं नाही. वेगळ्या बांधल्या, पुन्हा भरवल्या नाहीत. तीन वर्षं मागे गेलो. तेव्हापासून रक्त तपासल्याशिवाय आणि महिनाभर वेगळं बांधल्याशिवाय कुठलंच जनावर आत येत नाही, प्रत्येक रेडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदा टोचली जाते, आणि वारेला मोजे घातल्याशिवाय कुणी हात लावत नाही. दहा अनोळखी म्हशी एकदम आणणं म्हणजे दहा गोठ्यांचे रोग एका दावणीला बांधणं. शिवाय उत्तरेच्या वैरणीवर वाढलेली म्हैस आपल्या पावसात आणि वाढ्यावर पहिलं वर्ष दूध कमी करते, आणि कर्जाचा हप्ता मात्र त्याच वर्षी सुरू होतो.

मग घर चालेल का. पहिली पाच वर्षं फक्त पैदाशीवर चालणार नाही, हे वडिलांना स्पष्ट सांगा. दोन म्हशी, १४ महिन्यांचं अंतर, पाच वर्षांत प्रत्येकी चार वेतं, आठ रेडकं. निम्म्या रेड्या धरा, त्यातली एखादी जाणार. तीन-चार चांगल्या रेड्या हातात येतील आणि पहिल्या दोन तोवर व्यालेल्या असतील. सहाव्या-सातव्या वर्षी पाच-सहा दुभत्या आणि वर्षाला दोन गाभण रेड्या विकायला, असं चित्र दिसतं. तोवर ऊस आणि दूध घर चालवेल. गिऱ्हाईक नेहमी सगळ्यांत चांगली रेडीच मागतं. गुंजीची दुसरी रेडी मी थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी विकली, चांगला भाव आला होता. तिच्या तोडीची माझ्याकडे पुन्हा व्हायला नऊ वर्षं लागली. पहिल्या तीन रेड्या कितीही भाव आला तरी देऊ नका. पुढे विकताना वही दाखवा. गेल्या वर्षी शिरोळकडचं एक जोडपं आलं होतं, त्यांनी गोठ्यात पाऊल ठेवायच्या आधी ओट्यावर बसून अर्धा तास वहीच वाचली, आणि मग भावात घासाघीस केली नाही.

तुमचं शिक्षण ॲग्रीचं आहे, त्याचा एक सरळ उपयोग आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये मैत्री नावाचं कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण असतं, साधारण तीन महिन्यांचं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. ते केलंत तर गावात रोजची चार-पाच कामं मिळतील, वडिलांच्या डोळ्यांसमोर रोजचे पैसे येतील, आणि त्याहून मोठं म्हणजे पंचक्रोशीतल्या प्रत्येक चांगल्या म्हशीचं तोंड, कास आणि वेत तुम्हाला माहीत होईल. विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा हरियाणाला जावं लागणार नाही. तोवर दोन्ही म्हशींची शिंगं, अंग आणि कासेचे फोटो काढून ठेवा, शेवटी कधी व्यायल्या ती तारीख वडिलांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि गाभण नसलेली असेल तर उद्यापासून पहाटे साडेचारचा गजर लावा.